टर्मिनल बंद केलं की प्रोग्राम मरतो? जुना सी कोड लिनक्सवर आणताना कुठले कुठले दोर सोडायचे

मामाचं घर सर्जेकोटला, बंदराच्या अगदी वर. गच्चीवर एक हवामान यंत्र बसवलंय, वाऱ्याचा वेग, दिशा आणि हवेचा दाब एवढंच देतं, त्यातून सिरीयल केबल खाली खोलीत येते, यूएसबी कन्व्हर्टरला लागते आणि तिथून रास्पबेरी पायमध्ये. आकडे वाचणारा प्रोग्राम माझा नाही, ४.३ बीएसडीच्या, म्हणजे बर्कलीच्या जुन्या युनिक्सच्या, जमान्यातला सी कोड आहे, ओळखीच्या एका सरांकडून आलेला, आणि तो लिनक्सवर चालता करायचं काम मी गेल्या पावसाळ्यात अंगावर घेतलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होडी वर ओढून झापांनी शाकारलेली, मामा घरीच, त्यामुळे वायर धरायला माणूस होता.

कंपाईल दोन दिवसांत झालं. आकडे यायला लागले. मी कुडाळला परत आलो, घरून एसएसएच करून, म्हणजे नेटवरून त्या मशीनवर लॉगिन करून, प्रोग्राम चालू केला, शेवटी अँपरसँड लावून बॅकग्राउंडला टाकला, लॅपटॉप मिटला आणि झोपलो. सकाळी मामाचा फोन, "झिला, आकडो येवक नाय रे रात्रीपासून."

तर ज्यांनी सी आणि लिनक्स आत्ताच हातात घेतलंय आणि कुणाचातरी जुना प्रोग्राम असाच कायम चालू ठेवायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. फंक्शनांची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात करा, सिग्नल, एरर आणि फ्लॅग यांची नावं सगळी कॅपिटल असतात, बाकी जिथे कॅपिटल लागतात तिथे सांगतो.

पायरी १: आधी बघा कशाला बांधलाय

अँपरसँड लावला म्हणजे प्रोग्राम सुटला असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. अँपरसँड फक्त एवढंच करतो की शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या प्रोग्रामसाठी थांबून राहत नाही, लगेच पुढची कमांड घ्यायला मोकळा होतो. प्रोग्राम तिथेच बांधलेला असतो, जेट्टीला दोर लावलेल्या होडीसारखा, तुम्ही बघत नाही एवढंच.

बांधलेला कशाला ते बघायला पीएस कमांड आहे. तिला मायनस ओ देऊन हे कॉलम मागा: पीआयडी, पीपीआयडी, पीजीआयडी, एसआयडी, टीटीवाय आणि स्टॅट. हे सहा कॉलम वाचता आले तर अर्धं काम झालं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा स्वतःचा नंबर आणि पीपीआयडी बापाचा. पीजीआयडी हा प्रोसेस ग्रुप, तुम्ही शेलमध्ये एक ओळ टाइप केलीत, त्यात पाइप लावून तीन कमांड असल्या तरी त्या तिन्ही मिळून एक ग्रुप होतो आणि कंट्रोल-सी मारलं की ते अख्ख्या ग्रुपला लागतं. एसआयडी म्हणजे सेशन, हे सगळ्यात मोठं घर, एका लॉगिनमधले सगळे ग्रुप एका सेशनमध्ये राहतात आणि बहुतेक वेळा तुमचा शेल हाच सेशनचा लीडर असतो. आणि टीटीवाय म्हणजे कंट्रोलिंग टर्मिनल. नाव टेलिटाइपरायटरवरून आलंय, कागदावर खडखडाट करत छापणारी मशीनं होती त्यांच्यावरून, आता एसएसएच केलं की तिथे पीटीएस स्लॅश शून्य असं काहीतरी दिसतं. एका सेशनला जास्तीत जास्त एकच कंट्रोलिंग टर्मिनल, आणि एक टर्मिनल एकाच सेशनचं.

स्टॅटमध्ये छोटा एस दिसला तर ती प्रोसेस सेशन लीडर आहे, अधिक चिन्ह दिसलं तर ती फोरग्राउंडला आहे. टीटीवायमध्ये प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे टर्मिनल नाही. मॅकवर दोन प्रश्नचिन्हं येतात, घाबरू नका, अर्थ तोच.

माझ्या प्रोग्रामला काय दिसलं? टीटीवायमध्ये प्रश्नचिन्ह! म्हणजे सुटलेला दिसतोय की. मग मेला कशाने? इथे मी अख्खी एक संध्याकाळ घालवली, उत्तर पुढच्या पायरीत आहे.

पायरी २: मारतो कोण

सिग्नल म्हणजे प्रोसेसला बाहेरून दिलेला इशारा, आणि त्यातला एक सिगहप. हप म्हणजे हँगअप, फोन ठेवणे. पूर्वी लोक मोडेम लावून फोनवरून मशीनवर यायचे, लाइन तुटली की त्या माणसाने मागे चालू ठेवलेलं सगळं आवरायला पाहिजे, म्हणून हा सिग्नल. तो पकडला नाहीत किंवा दुर्लक्षित केला नाहीत तर प्रोसेस मरते, ठरलेलं वागणंच तसं आहे. आज फोनची लाइन नाही, पण खिडकी बंद केली, एसएसएच तुटलं, आमच्याकडे पावसात लाइट जाऊन राउटर बसला, सगळ्याचा परिणाम तोच, फोन ठेवला.

आता नीट बघा कारण इथे दोन वेगवेगळे लोक हा सिग्नल पाठवतात आणि नवीन माणूस त्यांना एकच समजतो. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, टर्मिनल गेल्याचं कळलं की तो सेशन लीडरला, म्हणजे शेलला, सिगहप पाठवतो. आणि शेल, म्हणजे समजा बॅश, स्वतः सिगहपने मरायच्या आधी आपल्या यादीतल्या सगळ्या जॉबना, म्हणजे त्याच्यातून चालू केलेल्या कामांना, सिगहप पाठवतो, अगदी बॅकग्राउंडवाल्यांना पण. शेलकडे यादी आहे, तो यादी बघून पाठवतो, तुमच्या प्रोग्रामचं टीटीवाय काय आहे ते तो विचारत पण नाही.

माझं हेच झालं होतं. कोड टर्मिनल सोडत होता, पण सेशन शेलचंच होतं, ग्रुप शेलने बनवलेलाच होता, यादीत नाव होतंच. एसएसएच तुटलं, बॅशने यादी वाचली, प्रोग्राम गेला.

आणि यातूनच ते भुताटकीसारखं वागणं येतं, की कधी मरतो कधी मरत नाही. बॅशमध्ये तुम्ही एक्झिट टाइप करून व्यवस्थित बाहेर पडलात तर बॅश सहसा जॉबना सिगहप पाठवतच नाही, हपऑनएक्झिट हा ऑप्शन मुद्दाम चालू केलेला असला तरच. म्हणून हातातल्या टेस्टमध्ये प्रोग्राम जगतो, आणि रात्री नेट तुटलं की मरतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून मूळ शेल म्हणून झेडशेल आलाय, तो साध्या एक्झिटवर पण सिगहप पाठवतो. तेव्हा टेस्ट करताना एक्झिट टाइप करू नका, सरळ खिडकीची फुली दाबा किंवा वायफाय बंद करा.

घाईत असाल तर नोहप कमांड आहे, ती सिगहपला दुर्लक्षित करून प्रोग्राम चालू करते आणि आउटपुट नोहप डॉट आउट या फाइलमध्ये टाकते. बॅशमध्ये डिसओन आहे, त्याने यादीतून नाव जातं. एका रात्रीपुरतं ठीक. पोर्टिंग, म्हणजे एका सिस्टिमचा कोड दुसरीवर नीट चालता करणं, म्हणाल तर ते नाही, कारण तुम्ही कोड न सुधारता बाहेरून ताडपत्री टाकताय.

पायरी ३: जुन्या कोडात हे शोधा

सोर्सच्या फोल्डरमध्ये ग्रेप मारून दोन गोष्टी शोधा.

पहिली टायॉकनॉटी, सगळी कॅपिटल अक्षरं, टी आय ओ सी एन ओ टी टी वाय. हा बीएसडीचा जुना मार्ग, डेव्ह टीटीवाय ही फाइल उघडायची आणि तिच्यावर आयओसीटीएल, म्हणजे डिव्हाइसला हुकूम द्यायचं फंक्शन, मारून सांगायचं की माझं टर्मिनल सोड. लिनक्सवर हे अजून कंपाईल होतं आणि चालतं पण, म्हणून जास्त धोक्याचं, कारण ते फक्त टर्मिनल सोडतं, सेशन बदलत नाही. माझ्या पीएसमधलं ते फसवं प्रश्नचिन्ह इथून आलं होतं.

दुसरी सेटपीजीआरपी. या एका नावाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा कुणी घातला नसेल. बीएसडीमध्ये तिला दोन आर्ग्युमेंट, कुठली प्रोसेस आणि कुठला ग्रुप. सिस्टिम फाइव्हमध्ये, म्हणजे एटी अँड टीच्या युनिक्समध्ये, एकही नाही, आणि तिथे ती नुसता ग्रुप बदलत नव्हती तर टर्मिनल पण सोडून द्यायची. लिनक्सवर आज ती आर्ग्युमेंट घेत नाही आणि फक्त नवीन ग्रुप बनवते, टर्मिनल तसंच. म्हणजे सिस्टिम फाइव्हवरून आलेला कोड लिनक्सवर एकही वॉर्निंग न देता कंपाईल होतो आणि सुटका मात्र होत नाही. आणि बीएसडीवरून आलेल्या कोडात हेडर फाइलच जोडलेली नसेल, जुन्या सीमध्ये तसं सर्रास चालायचं, तर दोन आर्ग्युमेंट दिलेली पण गपचूप गिळली जायची. २०२४ च्या जीसीसी १४ या कंपायलरपासून न सांगितलेलं फंक्शन वापरणं ही सरळ एररच झालीये, त्यामुळे नवीन कंपायलरवर निदान बोंब तरी होते. लोक एररला वैतागून जुना कंपायलर टाकतात, कृपा करून तसं करू नका, ती एरर तुमच्या भल्याची आहे.

ऑटोकॉन्फवाला, म्हणजे कंपाईलच्या आधी सिस्टिम तपासून घेणारा, कोड असेल तर त्यात सेटपीजीआरपी कुठल्या जातीची आहे हे तपासायची वेगळी टेस्टच दिसेल. लोकांनी किती वर्षं हे भोगलंय बघा. १९८८ च्या पॉझिक्सने, म्हणजे सगळ्या युनिक्ससाठीच्या सामायिक नियमावलीने, यातून वाट काढली, सेटसिड आणि सेटपीजीआयडी ही दोन फंक्शनं दिली, आणि तीच वापरायची. वरचे दोन्ही प्रकार दिसले की काढून टाका.

पायरी ४: फोर्क, सेटसिड, फोर्क

सेटसिड नवीन सेशन बनवतं, नवीन ग्रुप बनवतं, तुम्हाला दोन्हीचा लीडर करतं आणि नव्या सेशनला कंट्रोलिंग टर्मिनल नसतं. पाहिजे ते सगळं एका फटक्यात. अट एकच, बोलावणारा आधीच कुठल्या प्रोसेस ग्रुपचा लीडर असता कामा नये, असला तर ईपर्म एरर देऊन नकार.

आणि टर्मिनलवरून चालू केलेला प्रोग्राम लीडर असतोच, कारण शेल प्रत्येक जॉबला नवीन ग्रुप देतो. शेल स्क्रिप्टमधून चालू केलात तर सहसा नसतो. म्हणजे फोर्क न करता नुसतं सेटसिड लिहिलंत तर स्क्रिप्टमधून चालेल आणि हाताने चालवल्यावर चालणार नाही, आणि रिटर्न व्हॅल्यू तपासली नसेल तर कळणार पण नाही. तपासा. मायनस १ आला तर निदान ओरडा तरी.

म्हणून आधी फोर्क, म्हणजे प्रोसेसची नक्कल काढायची, मूळची तो बाप आणि नक्कल तो पोरगा. बाप तिथेच बाहेर पडतो, पोरगा नवीन पीआयडी घेऊन आलेला असतो पण ग्रुप बापाचा, त्यामुळे तो लीडर असूच शकत नाही. मग पोराने सेटसिड बोलवायचं. बाप बाहेर पडताना साधं एक्झिट नको, अंडरस्कोअर एक्झिट वापरा, कारण साधं एक्झिट प्रिंटएफच्या बफरमध्ये अडकलेला मजकूर बाहेर ओततं आणि त्याच बफरची नक्कल पोराकडे पण असते, मग एकच ओळ दोनदा छापून येते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. हा बग मी आयुष्यात तीनदा केलाय, तिसऱ्यांदा तरी लाज वाटायला पाहिजे होती.

आता दुसरा फोर्क. हा कशाला, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि अर्धे लोक उत्तर न कळता कॉपी करतात. सेटसिडनंतर तुमचा प्रोग्राम सेशन लीडर आहे आणि त्याला टर्मिनल नाही. लिनक्सवर आणि सिस्टिम फाइव्हच्या वंशातल्या सिस्टिमवर नियम असा की टर्मिनल नसलेल्या सेशन लीडरने कुठलंही टीटीवाय उघडलं, आणि ते दुसऱ्या कुठल्या सेशनचं नसलं, तर ते आपोआप त्याचं कंट्रोलिंग टर्मिनल होतं. न विचारता. आताच्या बीएसडींवर असं आपोआप होत नाही, तिथे टायॉक-एस-सीटीटीवाय नावाचा (सगळी कॅपिटल, एकाच शब्दात) आयओसीटीएल मारून मुद्दाम मागावं लागतं, म्हणून बीएसडीवर वर्षानुवर्षं नीट चाललेला कोड लिनक्सवर येऊन अडकतो. दुसरा फोर्क केला, मधला मेला, की नातू सेशनमध्ये आहे पण लीडर नाही, आणि लीडर नसलेल्याला टर्मिनल चिकटत नाही.

डीमन म्हणजे टर्मिनलशिवाय मागे कायम चालणारा प्रोग्राम, आणि त्याच नावाचं तयार फंक्शन पण आहे, ४.४ बीएसडीतून आलेलं, दोन आर्ग्युमेंट घेतं आणि दोन्ही उलटी, शून्य दिलं की काम करतं आणि १ दिलं की करत नाही. पॉझिक्समध्ये नाहीये, आणि जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं, डीमन एकदाच फोर्क करतं, म्हणजे तुम्ही सेशन लीडरच राहता. टीटीवाय कधीच उघडणार नसाल तर चालेल. आपल्याला उघडायचंय.

पायरी ५: सिरीयल पोर्ट पण टीटीवायच असतो

हे वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पहिल्या सुधारणेत मी फक्त एक फोर्क आणि सेटसिड टाकलं, प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, कारण डीमन बनायचं काम सुरुवातीला करतात असं कुठेतरी डोक्यात होतं. एसएसएच तोडून बघितलं, जगला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, प्रोग्राम व्यवस्थित चालू. मग एका रविवारी मामीने झाडू मारताना यूएसबीची वायर हलवली, मामाने परत लावली, दिवा लागला, सगळं ठीक दिसत होतं. पण आकडे बंद, आणि प्रोग्राम चालू नाही. लॉगमध्ये एक अक्षर नाही.

झालं होतं असं की प्रोग्राम सेशन लीडर, त्याला टर्मिनल नाही, आणि त्याने उघडला डेव्ह टीटीवाययूएसबी शून्य. नाव बघा ना, टीटीवाय. कर्नलच्या दृष्टीने ते टर्मिनलच, ते चिकटलं कंट्रोलिंग टर्मिनल म्हणून. वायर निघाली, कर्नलने त्याचा हँगअप केला, सिगहप आला, प्रोग्राम मेला. एका टर्मिनलपासून सोडवला आणि दुसऱ्याला मीच बांधून आलो होतो.

गंमत म्हणजे मूळ कोडात हे नव्हतं. त्यात सिरीयल पोर्ट आधी उघडायचा, तेव्हा लॉगिनचं टर्मिनल अजून लागलेलं असायचं, एक असताना दुसरं चिकटत नाही, आणि मग टायॉकनॉटीने लॉगिनचं सोडायचं. लिहिणाऱ्याला क्रम माहीत होता. मी क्रम उलटा केला आणि वर शहाणपणा केल्यासारखं वाटत होतं. पोर्टिंग करताना जुन्या कोडातल्या ओळी वरखाली करण्याआधी त्या त्या जागी का आहेत हे जरा बघत जा.

उपाय दोन आणि दोन्ही करा. एक म्हणजे वरचा दुसरा फोर्क. दुसरा म्हणजे पोर्ट उघडताना ओपनच्या फ्लॅगमध्ये ओ-नोसीटीटीवाय टाकायचा, सगळी कॅपिटल, ओ नंतर अंडरस्कोअर, मग एन ओ सी टी टी वाय. याचा अर्थ, उघड पण कंट्रोलिंग टर्मिनल करू नकोस. प्रत्येक टीटीवायला हा फ्लॅग लावायची सवयच करा, काही तोटा नाही. शिवाय टर्मआयओएसच्या, म्हणजे पोर्टच्या, सेटिंगमध्ये सीलोकल चालू ठेवा, म्हणजे मोडेमच्या कॅरियर लाइनकडे दुर्लक्ष होतं. आमच्या केबलमध्ये ती तार जोडलेलीच नाहीये, बहुतेक स्वस्त केबलमध्ये नसते.

पायरी ६: ०, १ आणि २

सेशन सुटलं तरी प्रोग्रामच्या हातात जुन्या टर्मिनलच्या तीन फाइल असतात, स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर. टर्मिनल गेल्यावर त्यांच्यावर लिहिलं तर ईआयओ एरर, आणि वाचलं तर फाइल संपली असं उत्तर. इनपुट लूपमध्ये वाचणारा जुना प्रोग्राम त्या उत्तराने वेडा होतो, सतत वाचत बसतो आणि सीपीयू १०० टक्के. एसएसएचने दुसऱ्या मशीनवर कमांड पाठवून बॅकग्राउंडला टाकली तरी प्रॉम्प्ट परत येत नाही ते पण याच फायलींमुळे, पोराने आउटपुट धरून ठेवलंय म्हणून एसएसएच वाट बघत बसतं.

मग त्या नुसत्या बंद करायच्या का? नाही! युनिक्स नवीन फाइलला सगळ्यात लहान मोकळा नंबर देतो. तिन्ही बंद केल्यात आणि मग तीन गोष्टी उघडल्यात तर त्यातल्या एकीला १ नंबर मिळणार, आणि ती सिरीयल पोर्ट असली तर कोडातला कुठलातरी विसरलेला प्रिंटएफ सरळ हवामान यंत्राला मेसेज पाठवायला लागतो. डेव्ह नल, म्हणजे लिहिलेलं सगळं गिळणारी फाइल, उघडा आणि डप२ वापरून तो ०, १ आणि २ वर बसवा. बाकीचे उघडे नंबर बंद करायला जुन्या कोडात एक लूप असतो, शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत, ती मर्यादा तेव्हा लहान होती, आता कंटेनरमध्ये लाखांत असू शकते आणि प्रोग्राम सुरू व्हायलाच वेळ लागतो. त्या लूपच्या जागी क्लोजफ्रॉम बघा, जीलिबसीत २.३४ पासून आहे, बीएसडी आणि सोलारिसवर आधीपासून.

पायरी ७: किरकोळ पण चावणाऱ्या

सीएचडिर करून रूट फोल्डरमध्ये जा, नाहीतर ज्या पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असताना प्रोग्राम चालू केलात तो काढताच येणार नाही, बिझी म्हणून ओरडेल. पण त्याआधी लॉगचे आणि सेटिंगचे पाथ पूर्ण करून घ्या, अर्धा पाथ असेल तर रूटला जाऊन फाइल शोधेल. युमास्क, म्हणजे नवीन फाइलींना कुठल्या परवानग्या मिळू नयेत ते, स्वतः ठरवा.

पीआयडी फाइल, म्हणजे प्रोग्राम आपला नंबर जिथे लिहून ठेवतो ती, शेवटच्या फोर्कनंतर लिहा, नाहीतर मेलेल्या मधल्याचा नंबर लिहून ठेवाल. एफसीएनटीएलचं लॉक फोर्कनंतर पोराला मिळत नाही, ते पण शेवटीच. थ्रेड असतील तर सगळे फोर्कनंतर बनवा, फोर्कमध्ये फक्त बोलावणारा थ्रेड पलीकडे जातो. आणि बीएसडीवर केक्यू, म्हणजे अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवायची सोय, वापरत असाल तर तो पण फोर्कच्या पलीकडे जात नाही, लिनक्सचा ईपोल जातो, तेव्हा लिनक्सवरून उलट दिशेने पोर्ट करणाऱ्यांनी लक्ष ठेवा.

पायरी ८: सिस्टिमडी असेल तर यातलं बरंच नको

आता ज्यांनी इथपर्यंत वाचलं ते चिडतील, पण सांगायला पाहिजे. आजच्या लिनक्सवर प्रोग्राम सिस्टिमडीखाली, म्हणजे मशीन चालू झाल्यापासून सगळ्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामखाली, चालवणार असाल तर त्याने स्वतःला सोडवायची गरजच नाही. तिथे मुळात टर्मिनल नसतं, आउटपुट त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे जर्नलमध्ये, जातं. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टाइप सिंपल ठेवा आणि प्रोग्रामला फोरग्राउंडमध्ये राहायचा एक ऑप्शन द्या. फोर्क करून बाप बाहेर पडला तर टाइप सिंपलमध्ये सिस्टिमडीला वाटतं काम संपलं, आणि मग तो पोरांना पण मारून टाकतो. मॅकच्या लाँचडीचं पण तेच म्हणणं, फोर्क करून पळू नका.

पण, आणि हा पण मोठा आहे, सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला सेटसिड करूनच चालू करतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम जन्मतःच टर्मिनल नसलेला सेशन लीडर. दुसरा फोर्क तर तुम्ही आत्ताच काढलात. मग ओ-नोसीटीटीवाय विसरलात तर सिरीयल पोर्ट चिकटणारच, वायर निघाली की सिगहप, आणि वर कहर म्हणजे सिगहपने मरणं हे सिस्टिमडीच्या हिशोबात व्यवस्थित बाहेर पडणं आहे, त्यामुळे रीस्टार्ट ऑन-फेल्युअर लिहिलेलं असूनही तो प्रोग्रामला परत उठवत नाही. स्टेटस बघितलं तर कुठे लाल नाही, फेल्ड नाही, नुसतं बंद. मी हे प्रत्यक्ष बघितलंय आणि अर्धा तास युनिट फाइललाच शिव्या देत होतो. रीस्टार्ट ऑलवेज लिहा, फ्लॅग पण लावा.

सर्व्हिस न बनवता नुसता आपल्या लॉगिनमधून सोडलेला प्रोग्राम लॉगआउटला मरत असेल आणि कोडात सगळं बरोबर असेल तर लॉगिनडीचं, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगिन सांभाळणाऱ्या भागाचं, किलयूजरप्रोसेसेस हे सेटिंग बघा, २०१६ च्या सिस्टिमडी २३० पासून मूळ सेटिंगमध्ये ते चालू केलंय, डेबियनसारख्या डिस्ट्रो ते बंद ठेवतात. त्यावर लॉगिनसीटीएलचं इनेबल-लिंगर आहे, पण नुसत्या त्याने भागत नाही, प्रोग्राम सिस्टिमडी-रनने तुमच्या यूजरच्या सिस्टिमडीखाली चालू करावा लागतो.

पायरी ९: तपासणी

स्वतः फोर्क करणारा मार्ग घेतला असेल तर पीएसमध्ये हे दिसायला हवं: टीटीवाय प्रश्नचिन्ह, एसआयडी शेलच्या एसआयडीपेक्षा वेगळा, पीआयडी आणि एसआयडी वेगवेगळे, म्हणजे आपण लीडर नाही, स्टॅटमध्ये छोटा एस नाही. पीपीआयडी बहुतेक १, डेस्कटॉपवर तुमच्या यूजरच्या सिस्टिमडीचा नंबर पण असू शकतो. ही तपासणी सिरीयल पोर्ट उघडल्यानंतर करा, आधी केली तर पायरी ५ चा बग दिसणारच नाही. मग प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीच्या एफडीमध्ये जाऊन बघा ०, १, २ कुठे दाखवतायत, डेव्ह नल पाहिजे. पक्की खात्री हवी असेल तर प्रोग्राममध्ये तात्पुरती एक ओळ टाका, डेव्ह टीटीवाय उघडून बघा, ईएनएक्सआयओ एरर आली पाहिजे. उघडलं तर कुठेतरी दोर राहिलाय.

आणि मग वायर काढा. ही टेस्ट लोक करत नाहीत. वायर काढल्यावर रीड शून्य किंवा एरर देतं, तेव्हा प्रोग्रामने पोर्ट बंद करायचा, दहा सेकंद थांबायचं, परत उघडून बघायचं. बंद करायला विसरलात तर परत लावल्यावर यूएसबी शून्यच्या जागी यूएसबी १ नावाने येतो आणि तुमचा प्रोग्राम शून्यची वाट बघत बसतो, म्हणून डेव्हखाली सिरीयल फोल्डरमध्ये बाय-आयडी आहे त्यातलं नाव वापरा, ते बदलत नाही.

मी मामाला फोन करून सांगितलं, वायर काढा, चहा घ्या, मग लावा. चहा घेऊन गजाली मारून तासाभराने लावली. दहाव्या सेकंदाला आकडा आला.